निंबाआप्पांची कोरडी नोकरी

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी गेले तरी निंबाआप्पा आधी खिशातून पॉलिस्टरचा एक तुकडा काढायचे. तो सतरंजीवर अंथरायचे, हाताने चारी कोपरे नीट करायचे, मगच बसायचे. उठताना तुकडा घडी करून पुन्हा खिशात. मी सुरतेच्या गोडादऱ्यात नवी राहायला आले तेव्हा मला हे फार लागलं होतं. म्हटलं, आमची सतरंजी याला चालत नाही की काय? माणूस धुळ्याकडचा, आमच्यासारखाच पोटासाठी सुरतेला आलेला, आणि थाट बघा. त्या दिवशी चहाचा कप मी त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

दोन दिवसांनी नळावर त्यांच्या बायकोने, विमलवहिनींनी, उलगडा केला. "अवो ताई, ते तेजाबात, ॲसिडात काम करतात. कितीही धुवा, कपड्यात थोडं राहतंच. तुमच्या सतरंजीला चार महिन्यांनी भोकं पडली असती. दिवाळीला गावी गेलो तेव्हा सासऱ्यांच्या गादीवर बसले. होळीला जाऊन बघतो तर गादीला बरोबर यांच्या बैठकीएवढा खड्डा. सासरे म्हणे, लोकांची पोरं सुरतेहून साड्या आणतात, आमचं पोरगं भोक आणतं."

त्यानंतर आप्पा आले की मी चहा बशीसकट द्यायला लागले.

आप्पांच्या मिलमध्ये ब्रासोच्या साड्या निघायच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रासोच्या कापडात दोन धागे असतात, एक पॉलिस्टरचा आणि दुसरा सुती, नाहीतर व्हिस्कोसचा. त्याच्यावर तेजाबाची खळ छापायची, फुलं-वेली जे काय असेल ते. मग कापड भट्टीतून काढायचं. जिथे खळ लागली तिथला सुती धागा करपून काळा पडतो आणि धुतला की पाण्याबरोबर निघून जातो. पॉलिस्टरला काही होत नाही. मागे उरते नुसती जाळी. बाई ती आरपार दिसणारी नक्षी अंगावर मिरवते, आणि ती नक्षी म्हणजे काय, तर मेलेल्या कापसाची जागा. हे माझं बोलणं नाही, आप्पांचं आहे. आप्पा बोलायचे अहिराणीत, मी जमेल तसं मराठीत लिहिते. एखादं वाक्य मात्र तसंच ठेवते, ते दुसरीकडे बसत नाही.

आप्पांकडे धुलाई होती. बारा-बारा तास रबरी बूट घालून पाण्यात उभं राहायचं. तिथल्या वाफेने त्यांचे पुढचे दात झिजून निम्मे झाले होते, त्यामुळे ते हसताना लहान मुलासारखे दिसायचे. धुतलेल्या कापडात तेजाब उरलंय का हे बघायची त्यांची रीत त्यांच्या उस्तादाने शिकवलेली होती. ओल्या कापडाचं टोक जिभेला लावायचं. आंबट लागलं तर परत पाण्यात. आंबट नाही लागलं तर आप्पा म्हणणार, "गोड शे," आणि तो कापडाचा ताका पुढे जाणार. मिलमध्ये त्यांच्या 'गोड शे'ला धुलाईखात्याच्या मास्तरच्या सहीएवढा मान होता.

पण आप्पांना तिथे राहायचं नव्हतं. कधीच नव्हतं. त्यांच्या खेड्यातून दहावी झालेला पहिला मुलगा तो. चार महिने सुरतेत काढतो, तोवर कुठेतरी कोरडी नोकरी लागेल, असं म्हणून आले होते. कोरडी नोकरी हा त्यांचा शब्द. सरकारी, खाजगी, मोठी, छोटी असा भेदच त्यांच्याकडे नव्हता. नोकऱ्या दोनच, ओली आणि कोरडी. कुणी म्हणालं की माझा भाचा बँकेत शिपाई झाला, तर आप्पा विचारणार, "कोरडी शे ना?" चार महिन्यांची सोळा वर्षं झाली होती. वहिनी म्हणायच्या, "यांचे पाय बघा एकदा ताई. माणसाचे पाय असे नसतात." आणि आप्पा पाय लुंगीत गुंडाळून घ्यायचे.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती रेशनकार्डावरून. माझं कार्ड घडीवर फाटलं होतं, म्हणून मी मागून-पुढून चिकटपट्टी लावून आणली होती. चांगलं काम केलं या समजुतीत होते. आप्पांनी कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"हाई पट्टी कोनी लाई?"

"मीच लावली. का?"

"दोन वर्षांनी बघ. पट्टी गळून पडेल आणि तिचा डिंक कागदात उतरेल. पिवळा, तेलकट. मग अक्षरं वाचून दाखव मला."

"मग फाटू द्यायचं होतं का?"

"फाटलेला कागद जोडता येतो, ताई. सडलेला जोडता येत नाही."

मग त्यांनी मला शाळाच घेतली. कागदाची एकाच जागी घडी घालायची नाही, घडी म्हणजे कागदाचं मोडलेलं हाड. उन्हात ठेवायचा नाही. प्लॅस्टिकमध्ये बंद करायचा नाही, आत घाम सुटतो. वर्तमानपत्रात गुंडाळायचा नाही, कारण वर्तमानपत्र स्वतः आजारी असतं, शेजाऱ्याला पण लावतं. आणि कामाला मूळ कागद न्यायचाच नाही. "मूळ कागदाला झोपू द्यावं. झेरॉक्सला कामाला लावावं."

मी विचारलं, तुम्ही कापडातले, तुम्हाला कागदाचं एवढं कसं कळतं? तर म्हणाले, कापूस, कागद, लाकूड, सगळी एकाच घरची भावंडं. सगळ्यांच्या आत तोच एक धागा. तो धागा तुटत जातो, लहान लहान होत जातो, आणि एक दिवस हात लावला की भुगा. तेजाब लागलं तर दोन मिनिटांत, नाही लागलं तर पन्नास वर्षांत. हवेतही तेजाब असतं, खुद्द कागदातही थोडं असतं. मग दोन्ही हात झटकून म्हणाले, "मरन एकच शे. पाळी येगळी."

मी सुरतेत वीस वर्षं साड्यांचे सुटे दोरे कापले, पण कापडाबद्दल इतकं शहाणं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

आता त्या ट्रंकेचं सांगते. आमच्या भागात पावसाळ्यात खाडीचं पाणी घुसायचं. एका वर्षी ते कमरेपर्यंत आलं. भांडी धुतली, गाद्या वाळल्या, पण कागद गेले. कुणाचा जन्मदाखला, कुणाची मार्कशीट, सगळ्यांचा लगदा. आप्पांची खोली वरच्या मजल्यावर होती, तेवढीच कोरडी राहिली. मग गल्लीने ठरवलं की पुढल्या पावसाळ्यापासून ज्याचे जे महत्त्वाचे कागद असतील ते आप्पांकडे. आप्पांनी लोखंडी ट्रंक आणली, आतून रंग दिला. प्रत्येक घराचे कागद वेगळे केले. आणि ते गुंडाळायला मिलमधून ब्रासोचे तुकडे आणले, नापास मालातले, खळ पसरून सगळा सुती धागा जळून गेलेले, मऊ, पारदर्शक.

मला त्यांनी फार अभिमानाने दाखवलं होतं. "सुती कापड ओल धरतं. हे धरत नाही. कसर याला खात नाही, वाळवी याला तोंड लावत नाही. आपण सगळे मरू, हे तसंच राहील." प्रत्येक तुकडा त्यांनी घरी बादलीत पुन्हा धुतला होता. प्रत्येकाचं टोक जिभेला लावलं होतं. माझ्या मुलीचा जन्मदाखला गुंडाळला तो तुकडाही माझ्यासमोरच चाटून पाहिला आणि म्हणाले, "गोड शे, ताई. बिनघोर राहा."

मग ट्रंकेला कुलूप. किल्ली करगोट्याला. उगाच कुणाला उघडून दाखवायचे नाहीत. प्लेगच्या वेळी सगळी सुरत पळाली, आम्हीही गावी गेलो, परत आलो तेव्हा त्यांनी कुलूप तेवढं हलवून बघितलं. झोपलेल्याला उठवू नये, हेच त्यांचं म्हणणं.

मधल्या काळातला एक प्रसंग सांगते. तेव्हा आम्ही तो हसण्यावारी नेला. उन्हाळ्यात आम्ही गल्लीतल्या बायका कैऱ्या फोडत बसलो होतो. कैऱ्या अशा आंबट की नुसत्या वासाने दात आंबत होते. आप्पा पाळी संपवून आले, एक फोड उचलली आणि चावत उभे राहिले. डोळा नाही, भुवई नाही, काही हललं नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली.

वहिनी म्हणाल्या, "बघा. बोरं खावीत तशी खातायत."

"चांगल्या आहेत," आप्पा म्हणाले. "पिकायला आल्यात."

आम्ही पोट धरून हसलो. मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला लोणच्याचं मीठ-मसाला काही नको, नुसती कैरी पुरे. तेही हसले, ते झिजलेले दात दाखवून. कुणाच्याही डोक्यात पुढचा विचार आला नाही. माझ्याही नाही.

पुढे एक दिवस वहिनी जवळजवळ पळतच माझ्याकडे आल्या. एका मराठी शाळेत शिपायाची जागा निघाली होती. शाळा आमच्या मंडळींचीच, तिथला क्लार्क आप्पांना ओळखत होता. शाळेची जुनी रजिस्टरं कशी ठेवावीत हे त्याने एकदा आप्पांना विचारलं होतं, आणि आप्पांनी त्याला दोन तास सोडलं नव्हतं. त्यानेच समितीला सांगितलं की कागद सांभाळणारा असा माणूस मिळणार नाही. अट दोनच गोष्टींची, दहावी पास आणि वय. वयाची मर्यादा ओलांडायला आप्पांना अजून दीड वर्ष होतं. अर्जाला शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली. समितीने होकार कळवला. सोमवारी मूळ दाखला घेऊन या, बघून परत देतो, इतकंच.

रविवारी सकाळी वहिनींनी मला बोलावलं. शिरा केला होता. आप्पा आंघोळ करून ट्रंकेसमोर बसले होते. आपला गठ्ठा त्यांनी सगळ्यांत खाली ठेवला होता, तो काढला. वरचं कापड जसंच्या तसं होतं, मऊ, स्वच्छ, कालच धुतल्यासारखं. त्यांनी ते हळूच उलगडलं.

दाखल्यावर फुलं उमटली होती. तपकिरी, कडेला गडद, पाकळ्या-पाकळ्यांची. कापडावर जिथे फुलांची खळ दाट छापली होती, तिथे कागदावर फूल. मला क्षणभर वाटलं छापलेलीच आहेत. आप्पांनी खालून तळहात घालून कागद उचलला, आणि फुलं गळाली. खरंच सांगते, एकेक पाकळी सुटून त्यांच्या मांडीवर पडली आणि पडताच तिचा चुरा झाला. हातात राहिली ती फुलांच्या मधली कागदाची जाळी. त्यातल्या एका तुकड्यावर 'वर्तणूक चांगली' एवढं वाचता येत होतं. जन्मतारीख कुठल्या तरी पाकळीवर होती.

आप्पांनी ते कापड उचललं, टोक जिभेला लावलं.

"गोड शे," ते म्हणाले.

मग वहिनींनी त्यांच्या हातून कापड घेतलं, स्वतःच्या जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून मोरीकडे गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "आंबट आहे. चिंचेसारखं आहे."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मीही टोक जिभेला लावून पाहिलं. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण तोंडच आंबलं, माणूस काय लपवणार. पॉलिस्टरला तेजाबाने काही होत नाही, म्हणून ते धडधाकट दिसत होतं. आप्पांची जीभ कधी मेली ते त्यांनाच कळलं नव्हतं. चार पावसाळे त्या ओलसर हवेत ते तेजाब कापडातून कागदात उतरत राहिलं, आणि आम्ही कुलूप हलवून बघत राहिलो.

आप्पा वहिनींना म्हणाले, "मग मिलमध्ये एवढी वर्षं मी काय पास केलं?"

मला वाटलं होतं आता हा माणूस दोन दिवस घराबाहेर पडणार नाही. पण ते तासाभरात गल्लीत उतरले. हातात सगळे गठ्ठे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला संशय नव्हता, ट्रंक बंद ठेवली असती तर आणखी चार वर्षं कळलं नसतं. ते दारोदार गेले, आपला पॉलिस्टरचा तुकडा न अंथरता उभ्या उभ्याच बोलले. "माझी चूक झाली. कागद माझ्या हातून गेला. जमेल तेवढ्यांची नक्कल मी काढून आणीन."

सगळेच काही चांगलं बोलले नाहीत. रतन म्हणून लातूरकडचा गवंडी होता, तो म्हणाला, "पाण्यात गेला असता तर देवाला शिव्या दिल्या असत्या, आप्पा. आता तुम्हाला द्यायच्या का?"

आप्पा म्हणाले, "दे. ऐकूनच जातो." आणि उभे राहिले. रतनला शिवी काही देता आली नाही. तो आत निघून गेला.

माझ्या मुलीच्या दाखल्यावर तिच्या नावाशेजारी एकच फूल होतं, अक्षरं शाबूत होती. तरी आप्पांनी पालिकेच्या दोन खेपा घालून मला नवा आणून दिला. रतनची मार्कशीटही मागवली. पाळी संपवून, झोप मोडून महिनाभर ते दुसऱ्यांच्या कागदांमागे फिरत होते.

त्यांच्या स्वतःच्या कागदाचं मात्र जमलं नाही. शाळेच्या समितीने सवड दिली, नाही कसं म्हणू. झेरॉक्स होतीच त्यांच्याकडे, स्पष्ट, अक्षर न् अक्षर वाचता येणारी. ज्याला कामाला लावलं ते ठणठणीत होतं, ज्याला झोपवलं ते मेलं. पण समितीवरचे एक गृहस्थ म्हणाले की झेरॉक्स कुणीही बनवतो, मूळ नसेल तर गावच्या शाळेतून दुय्यम दाखला आणा. आप्पा गावी गेले. मुख्याध्यापकांनी चहा पाजला, कपाट उघडलं. आप्पांच्या वर्षाचं रजिस्टर गळक्या भिंतीशी राहिलेलं. पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झालेली. मुख्याध्यापक म्हणाले, "नोंद डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही कशी करू? माझी नोकरी जाईल." आप्पा म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मला सांगतानाही म्हणाले, "तो माणूस बरोबर बोलला, ताई." त्यांना ती वीट उघडायची होती, पण तशी एक दिवसात उघडत नाही, आणि मिलने रजा एकाच दिवसाची दिली होती.

शाळेत दुसरा माणूस लागला.

मिलमध्ये आप्पांनी मास्तरला आपल्या जिभेचं सांगितलं. मला वाटलं होतं, आता निदान धुलाईतून काढतील. मास्तर हसला म्हणे. "बाया साडी किती दिवस नेसतात? आंबट लागली म्हणून कोण परत करतं?" त्यांना तिथेच ठेवलं. फक्त चाटण्याऐवजी रंग बदलणारी कागदाची पट्टी दिली. पट्टी लाल झाली तर कापड परत पाण्यात. आप्पा ज्या त्या ताक्याला ती पट्टी तीन-तीन वेळा लावायचे, त्यामुळे काम मागे पडायचं, आणि त्यावरून बोलणी खायचे. घरी आले की कुणाच्या अंगावर ब्रासोची साडी दिसली तर मान खाली घालायचे. वहिनींना एकदा म्हणाले होते, किती ट्रंकांमध्ये माझी फुलं बसली असतील कोण जाणे.

नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. 'कोरडी शे ना?' हेही विचारणं थांबलं. मग दीड वर्ष गेलं, दोन झाली.

माझ्या मुलाने गावी दुकान टाकलं आणि मी सुरत सोडायचं ठरलं. वहिनींचा निरोप घेतला, पण आप्पांची भेट होईना, त्यांना सलग दुहेरी पाळ्या लागल्या होत्या. शेवटी जायच्या दिवशी दुपारी मी मिलवरच गेले. त्या मिलचं लोखंडी फाटक पाळी चालू असताना बाहेरून कुलूपबंद असायचं, माल बाहेर जाऊ नये म्हणून. फाटकात एक वीतभर खिडकी होती. रखवालदाराने आत हाक दिली. बऱ्याच वेळाने खिडकीत आप्पांचा चेहरा आला. फक्त चेहराच, खिडकी तेवढीच होती. केस ओले, भुवयांवर पांढरी पूड.

"निघालीस, ताई?"

"निघाले. पोरगा म्हणतो आता बस झालं."

"बरं झालं. तिकडची हवा कोरडी."

मी म्हटलं, आप्पा, वहिनींना घेऊन या एकदा. ते हो म्हणाले. मग त्यांनी एकदा मागे वळून बघितलं आणि घाईने बोलायला लागले.

"तुझी गाडी माझ्या गावावरून जाते ना? दोन थांबे अलीकडे. कधी उतरलीस तर शाळेत जा. मुख्याध्यापकांना सांग, त्या रजिस्टरच्या विटेत सुरी घालू नका. उन्हात ठेवू नका. पानं ओढू नका. सावलीत ठेवा, वारं लागू द्या. कडेने एखादं पान आपण होऊन सुटेल, त्याच्याखाली कोरा कागद सरकवा आणि पुन्हा तसंच राहू द्या. माझं पान मधोमध कुठेतरी आहे. एक पान सुटायला महिना लागला तरी चालेल."

वयाची मर्यादा टळून सहा महिने झाले होते. ते मला माहीत होतं, आणि माझ्याआधी त्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "सांगेन."

"त्यासले सांगजो," आप्पा म्हणाले, "माले घाई नही."

आतून कुणीतरी त्यांच्या नावाने ओरडलं. चेहरा बाजूला झाला आणि रखवालदाराने खिडकीची झडप लावून टाकली. मी पिशवी उचलली. फाटक जमिनीला पुरतं टेकत नव्हतं, खालून चार बोटांची फट होती. त्या फटीतून त्यांचे रबरी बूट दिसत होते, फाटकाकडे तोंड करून उभे, भोवती पाणी साचलेलं. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिले. बूट तसेच होते. पुन्हा हाक आली, तेव्हा ते वळले.